धागा: ग्रामसभेत, मांडवात हवामान बदल समजावायचा तर सुरुवात कुठून करावी? (सांगली-सातारा)

वारणाकाठ (धागाकर्ता)
वाळवा, शिराळा आणि पलूस तालुक्यांतल्या काही गावांत येत्या वर्षभर हवामान बदलावर कार्यक्रम ठरवायचे आहेत. ग्रामसभा, बचत गटाची महिन्याची बैठक आणि गणेश मंडळाचा मांडव, अशा तीन प्रकारच्या जागा आहेत. एका ठिकाणी फार तर पंचवीस मिनिटं मिळतात, त्यातली पाच माईक आणि सत्कारात जातात. ऐकणारे म्हणजे ऊस, द्राक्ष, हळद, सोयाबीन करणारे शेतकरी, डेअरीला दूध घालून घर चालवणाऱ्या बाया आणि दहावी-बारावीची मुलं.

या माणसांना पाऊस शिकवायला जायचं नाही, हे माझ्या लेखी पहिलं. कृष्णेला पाणी चढायला लागलं की सांगलीच्या आयर्विन पुलाची फुटं इथं लहान पोरालाही पाठ असतात: ४० ला इशारा, ४५ ला धोका. मोजमापाची भाषा गावात आधीपासून आहे. म्हणून पडद्यावर वितळता हिमनग दाखवण्यापेक्षा गावाला स्वतःचं मोजमाप सुरू करून द्यावं आणि विज्ञान त्याच्या अवतीभवती बोलावं, असं मला वाटतं. जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं. शब्द कोणते वापरायचे? समोर करून दाखवण्याजोगे प्रयोग कोणते? आणि २०१९ च्या महापुराचा प्रश्न येणारच, त्याला काय उत्तर द्यायचं?

भौतिकीचा_तास
शब्दांपासून सुरू करतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

‘हरितगृह वायू’ हा शब्द पहिल्या दहा मिनिटांत काढूच नका. हरित म्हणजे हिरवं, हिरवं म्हणजे चांगलं, असा अर्थ ऐकणारा लावतो आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो. पॉलिहाऊसचं उदाहरणही जपून द्या. पॉलिहाऊस तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा वर उठून बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. वातावरणात असं छत नाही. तिथे जमिनीतून निघणारी उष्णतेची प्रारणं काही वायू शोषतात आणि त्यातली काही परत खाली पाठवतात. पॉलिहाऊस असलेला शेतकरी ‘पण मी बाजूचे पडदे वर केले की थंड होतं’ म्हणाला की तुमचं उदाहरण तिथेच संपलं.

त्यापेक्षा वाकळ (गोधडी) बरी. वाकळ स्वतः गरम नसते, अंगाची ऊब बाहेर जायला उशीर लावते. त्याला जोडून विचारा: माघातली रात्र निरभ्र असली की गारठा जास्त का, आणि आभाळ आलं की कमी का? द्राक्षवाल्यांना हे तोंडपाठ असतं. ढगातलं पाणी, हवेतली वाफ आणि मुळातला थोडा कार्बन डायऑक्साइड ही नैसर्गिक वाकळ. ही वाकळ मुळीच नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या साधारण १५ अंशांऐवजी उणे १८ च्या आसपास असतं. म्हणजे वाकळ वाईट नाही, कोळसा-डिझेल जाळून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा तिच्यावर आणखी एक थर चढतो आहे हे वाईट.

ओझोनच्या भोकाचा उल्लेख कुणीतरी करणारच. ‘तो वेगळा प्रश्न. तिथे अतिनील किरण अडवणारा थर विरळ झाला, इथे उष्णता बाहेर जायला अडथळा वाढला,’ इतकं एका वाक्यात सांगून पुढे चला. त्यात अडकलात तर पंचवीस मिनिटं तिथेच जातील.

‘हवामान बदल’ हा शब्दसुद्धा ‘हवा पालटली, सर्दी झाली’ असा ऐकला जातो. ‘तीस-तीस वर्षांच्या सरासरीतला बदल’ असं दोन-तीनदा म्हणा. हवामानशास्त्रात सरासरी तीस वर्षांचीच धरतात, सध्या १९९१ ते २०२० ची.

वारणाकाठ
सर, वाकळ मनापासून पटली. प्रयोगाचं काय? शाळेच्या प्रदर्शनात दोन बाटल्या ठेवतात, एकीत साधी हवा आणि दुसरीत खायचा सोडा व व्हिनेगरने भरलेला कार्बन डायऑक्साइड. वर दिवा लावला की दुसरी जास्त तापते. तो घ्यावा का?

भौतिकीचा_तास
घेऊ नका. निकाल हवा तसा येतो, पण कारण चुकीचं असतं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तो बाटलीत तळाशी बसून राहतो, वरच्या हवेत मिसळत नाही, म्हणून उष्णता वाहून जायचं कमी होतं. त्याच जागी आरगॉन हा दुसरा जड वायू भरला तरी बाटली तशीच तापते, आणि आरगॉन तर उष्णतेची प्रारणं शोषतच नाही. शिवाय दिव्याची बहुतेक उष्णता ज्या लांबीच्या लहरींत येते त्या पृथ्वीच्या प्रारणांपेक्षा बऱ्याच आखूड. मांडवात एखादा इंजिनिअर मुलगा बसलेला असतो. त्याने हे विचारलं तर खरं विज्ञानही खोटं ठरतं.

पर्याय: बंदुकीच्या आकाराचा इन्फ्रारेड तापमापक. ताप बघायचा कोविडातला नको. तो ३२ ते ४२ अंशांच्या बाहेर आकडाच दाखवत नाही. कारखान्यात वापरतात तो, उणे ५० पर्यंत मोजणारा घ्या. दिवस मावळल्यावर दीड-दोन तासांनी मोकळ्या जागी उभे राहा. आधी जमिनीवर धरा, मग सरळ डोक्यावर आभाळात. हिवाळ्यात निरभ्र आकाश शून्याच्या खाली दाखवतं, आणि ढगाचा पट्टा आला की आकडा एकदम वर चढतो. लोकांच्या हातात यंत्र द्या, त्यांना स्वतः बघू द्या. ढगाची वाकळ डोळ्यांनी दिसल्यासारखी होते.

एक प्रामाणिक टीप त्याच वेळी सांगा. हे यंत्र साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात बघतं आणि कार्बन डायऑक्साइडचा मोठा पट्टा १५ च्या आसपास आहे. म्हणजे इथे दिसते ती ढगाची आणि वाफेची करामत, कार्बनची नाही. तत्त्व एकच आहे, एवढाच दावा करा. पावसाळ्यात हा प्रयोग ठेवू नका. हवा इतकी दमट असते की निरभ्र आणि ढगाळ यांतला फरक फिका पडतो.

दिवसा करायचं असेल तर पत्र्याचं छप्पर मोजा, पण कोऱ्या चकचकीत पत्र्यावर नेम धरू नका. तो आभाळ परावर्तित करतो आणि हाताला चटका बसत असताना यंत्र भलताच थंड आकडा दाखवतं. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, दहा मिनिटं थांबा, टेपचा आकडा घ्या. शेजारी चुना मारलेल्या पत्र्यावरही तशीच टेप लावायची, पण दोन्हीकडे ती खालच्या बाजूने, घरातून. वरून लावली तर दोन्हीकडे काळ्या टेपचंच ऊन मोजलं जाईल.

हळदपेठ
कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून पाणी आम्लधर्मी करतो, हे सांगलीच्या हळदीवर सुरेख दिसतं. एक पेला फिल्टरचं पाणी, चिमूटभर हळद, ढवळून कापडातून गाळून घ्या. त्यात चुन्याची निवळी थेंबाथेंबाने टाका आणि रंग लालसर होताक्षणी थांबा. मग नळीने त्यात फुंकत राहा. थोड्या वेळात पुन्हा पिवळा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. निवळी जास्त झाली तर कितीही फुंकलं तरी लालच राहतं. बोअरच्या जड पाण्याला फार वेळ लागतो. आणि लाल झालेलं पाणी ठेवलं तर त्याचा रंग आपोआप उडतो, म्हणून प्रत्येक वेळी ताजं करा. लहान मुलांना नळी देताना ओढायचं नाही, फुंकायचंच, हे आधी बजावून सांगा.

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र पितो, तो भाग याला जोडता येतो. लगेच प्रश्न येईल: ‘मग आपल्या श्वासानंच वाढत असणार!’ उत्तर तयार ठेवा. श्वासातला कार्बन भाकरीतून आला, भाकरीतला ज्वारीने त्याच वर्षी हवेतून घेतला. हा खिशातून खिशात गेलेला पैसा. कोळसा-डिझेलातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पुरलेला होता, तो बाहेरून आलेला पैसा. पाचट जाळण्याबद्दलही हेच लागू आहे. पाचट जाळू नये ते जमिनीचा सेंद्रिय कर्ब, जिवाणू आणि धूर यांसाठी. तापमानवाढीचं मुख्य कारण म्हणून पाचटाला उभं करू नका, ऊसवाला उगाच आरोपी होतो आणि पुढचं ऐकत नाही.

वेण्णातीर
‘एवढासा वायू काय करणार?’ याला आमच्याकडे नीळ वापरतात. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग आहे, कारखानदारीच्या आधी २८० होता. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून सलग मोजतात, तेव्हा ३१५ च्या आसपास होता. आता दोन पांढऱ्या बादल्या घ्या, प्रत्येकीत १० लिटर स्वच्छ पाणी. सुई काढलेल्या ५ मिलीच्या सिरिंजने एकीत २.८ मिली पातळ नीळ, दुसरीत ४.२ मिली. प्रमाण तंतोतंत तेच. थोडक्या वस्तूने किती फरक पडतो ते दिसतं. वायू कसं काम करतो ते यातून दिसत नाही, हेही सांगावं.

माणदेशी_मापक
मोजमापाच्या मुद्द्यावर लांब लिहितो, कारण गावाच्या हातात टिकणारी वस्तू तीच आहे.

साधा पर्जन्यमापक: वर गोल तोंड, खाली नरसाळं, त्याखाली कॅन. तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंमी असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी होतं, आणि जमलेलं दर १० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. पाणी अंशांकित नळकांड्यात ओतून मोजायचं. नळकांडं सपाट जागी ठेवा, डोळा पाण्याच्या रेषेत आणा आणि काठाला चढलेली कड सोडून मधली खोलगट रेषा वाचा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पाइपाची. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप कापून तोंड करतात आणि व्यास ११ सेंमी धरतात. ११० हा बाहेरचा व्यास. आतला पाइपाच्या जाडीनुसार साडेदहाच्या आसपास निघतो. १०.५ असेल तर क्षेत्रफळ ८६.६ चौरस सेंमी, म्हणजे ८.६६ मिलीला १ मिमी. बाहेरचा व्यास धरून हिशेब केला तर वर्षभर पाऊस सुमारे नऊ टक्के कमी लागत राहतो आणि कुणाला कळतही नाही. आतून पट्टी धरून दोन दिशांनी मोजा.

नरसाळं उथळ ठेवू नका. जोराच्या सरीत थेंब आपटून बाहेर उडतात. वर किमान १० सेंमी उभी भिंत पाहिजे. तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर, पाणसळ लावून आडवं. गच्चीवर बसवू नका, वाऱ्याने पाऊस तोंडावरून निघून जातो. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. नरसाळ्यात लिंबाचा पाला अडकतो, म्हणून बारीक जाळी, आणि ती दर आठवड्याला साफ.

कॅनचा आकार तालुका बघून ठरवा. १०० चौरस सेंमीच्या तोंडाला २ लिटरची बाटली २०० मिमीपर्यंत पुरते. माण, खटाव, आटपाडी, जतला एवढी बास. पाटण, जावळी, महाबळेश्वरला नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिमी पडला. म्हणजे याच मापकात जवळपास सहा लिटर! पाच लिटरचा कॅनही उतू गेला असता, आणि नेमका तोच आकडा हातचा गेला असता.

वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळ तीच. ६ तारखेच्या साडेआठला मोजलेला पाऊस ६ तारखेच्याच रकान्यात, जरी तो ५ च्या संध्याकाळी पडला असला तरी. पाऊस नसेल तर शून्य लिहा. मोजला नसेल तर ‘मोजला नाही’ लिहा, शून्य कधीच नको. वही खराब होते ती याच एका चुकीने.

आपल्या महसूल मंडळाचा अधिकृत आकडा ‘महारेन’च्या संकेतस्थळावर मिळतो, तो शेजारी लिहा. वळवात दोन किलोमीटरवर फरक असतो, त्यामुळे रोजचा आकडा जुळणार नाही. महिन्याची बेरीजही सतत एकाच बाजूला झुकत असेल तर मापकाची जागा तपासा.

वारणाकाठ
पाइपाचं हे अगदी मोलाचं सांगितलंत. पण गावाला मिलीमीटर कितपत भिडतो?

माणदेशी_मापक
गुंठ्यात सांगा. एका गुंठ्यावर १ मिमी म्हणजे १०१ लिटर. एकरावर २५ मिमीची सर म्हणजे एक लाख लिटर. मग पुढची पायरी: हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तीच सर ७ टक्क्यांनी जड झाली तर त्याच एकरावर सात हजार लिटर जादा, तेही तेवढ्याच वेळात. बांध का फुटतो ते वेगळं सांगावं लागत नाही. मात्र हे ७ टक्के जोराच्या सरींना लावा, वर्षाच्या एकूण पावसाला नाही.

नक्षत्रवही
वहीत तारखेशेजारी नक्षत्राचा रकाना ठेवा. मृग ७-८ जूनला लागतो, प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रं. म्हाताऱ्या माणसांची आठवण तारखेने नाही, नक्षत्राने साठलेली असते: ‘आर्द्रात लावणी’, ‘हस्ताचा पाऊस’. तेरा दिवसांची बेरीज आकडेशास्त्रालाही सोयीची, एका दिवसाचा चढउतार तिच्यात विरतो. नक्षत्राचं वाहन बेडूक की मेंढा यावर वाद घालू नका. पाऊस मोजा आणि लिहा.

सूर्यनक्षत्रांच्या तारखा सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. आजोबांच्या वहीशी ताडताना तेवढ्याने बिघडत नाही, तरी इंग्रजी तारीख कायम लिहावी.

आणि गावाच्या पाच-दहा वर्षांच्या वहीवरून ‘हवामान बदललं’ असं जाहीर करायचं नाही. तेवढ्या काळात नैसर्गिक चढउतारच मोठे असतात. वही लोकांना पुरावा वाचायला शिकवते, हा तिचा उपयोग.

पूररेषा
महापुरावर.

‘२०१९ चा पूर हवामान बदलानं आला’ हे वाक्य बोलू नका. ‘त्याचा काही संबंध नाही’ हेही नको. दोन प्रश्न वेगळे करा: पाऊस किती आणि कसा पडला, आणि पडलेलं पाणी नदीत कसं वाहिलं, अडलं, सोडलं गेलं.

पहिल्यासाठी: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात, मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाल्याचं दिसलं. एकूण मोसमी पाऊस तिथे कमी होत असताना हे झालं, ही मेख नीट समजवा. उदाहरण कारखान्याच्या रस्त्याचं द्या. ओव्हरलोड ट्रॉल्या वाढल्या तर आज कुठली उलटेल ते सांगता येत नाही. उलटणाऱ्या ट्रॉल्या वाढतील एवढं नक्की सांगता येतं. उलटलेल्या एकीकडे बोट दाखवून ‘ही ओव्हरलोडमुळेच’ म्हणायचं तर खड्डा, वळण, ब्रेक सगळं तपासावं लागतं.

दुसऱ्यासाठी चार्टपेपरवर नदी काढा. १०५ टीएमसीचं कोयना धरण, कराडला प्रीतिसंगम, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, आणि खाली कर्नाटकात अलमट्टी, पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. पूरपट्ट्यातली बांधकामं आणि बुजवलेले नाले-ओत लोकांनाच दाखवायला सांगा, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतात. अलमट्टीवर कुणाची बाजू घेऊ नका. तो वाद पाणी सोडण्याचा आणि फुगवट्याचा, म्हणजे दुसऱ्या प्रश्नातला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं ज्यांनी घरात पाहिलं त्यांना ‘हवामान बदल’ हे सरकारी हात झटकणं वाटू शकतं. त्यांचा तो राग रास्त आहे, तिथे थांबून आधी ऐकून घ्यावं.

बेदाणा_शेड
द्राक्षवाला विचारतो: अवकाळी वाढला का, गारपीट वाढली का? ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस झाला की गळकूज आणि डाऊनी (केवडा) रोग, माल शेडवर असताना झाला की बेदाणा काळा. त्याचा प्रश्न थेट पैशाचा आहे. तापमान आणि अतिवृष्टीबद्दल पुरावा भक्कम, तो ठामपणे सांगा. गारपिटीच्या कलाबद्दल जगभरच पुरावा कच्चा आहे, तसं स्पष्ट म्हणा. सगळ्यालाच ‘हो’ म्हणणाऱ्या वक्त्यावर बागायतदार विश्वास ठेवत नाही.

चाळकेवाडी_पठार
पवनचक्क्यांनी ढग पळवले, हा प्रश्न पाटण, खटाव, जत, कवठेमहांकाळ सगळीकडे येतो. ‘ढग फार उंच असतात’ हे उत्तर पठारावर देऊ नका. चाळकेवाडी, वनकुसवड्याला पावसाळ्यात पाती ढगातच फिरताना लोक रोज बघतात. योग्य उत्तर जाडीचं आहे. पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर जाड असतात, पाती खालच्या शंभर-सव्वाशे मीटरमध्ये फिरतात. आणि माण-खटावचा दुष्काळ चक्क्यांच्या आधीचा आहे. १९७२ ला एकही चक्की नव्हती. घाट चढून पाऊस टाकलेली हवा पूर्वेला उतरताना तापते आणि कोरडी होते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी, आणि सव्वाशे किलोमीटरवर म्हसवडला पाचशेच्या आसपास.

वेण्णातीर
आकड्यांची एक फसगत. २०२४ साठी जगाचा आकडा सुमारे १.५५ अंश वाढ आणि भारताचा ०.६५ असे शेजारी लावले की ‘आपल्याकडे काही झालंच नाही’ असं वाटतं. पहिला १८५०-१९०० च्या तुलनेत आहे, दुसरा १९९१-२०२० च्या. तुलनेचा पाया आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतात २०२४ सर्वांत उष्ण होतं, हे वाक्य जास्त सुटसुटीत.

मांडवासाठी रांगोळीचे पट्टे छान होतात, दर वर्षाच्या तापमानाचा एक पट्टा. १९०१ ते २०२४ म्हणजे १२४ पट्टे, ५ सेंमी रुंदीने ६ मीटर २० सेंमी. निळा-भगवा-हिरवा वापरू नका, गावात रंगांना दुसरे अर्थ असतात. एकाच डाळिंबी रंगाच्या सहा छटा आधी परातीत कालवून, कोणती छटा किती अंशाला ते ठरवून, मगच काढायला बसा. काढता काढता छटा ठरवल्या तर हात कळत-नकळत शेवटी गडद होतो. दर दहाव्या पट्ट्याखाली साल लिहा. आजी आपल्या लग्नाचा पट्टा शोधते, मुलगा जन्माचा. तिथून बोलणं आपोआप सुरू होतं.

वारणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या तीन गावांत मापक आणि फळा दूध संकलन केंद्रावर बसवायचं ठरवतोय, तिथे दोन वेळ माणसं येतात. फळ्यावर चार रकाने: आजचा पाऊस, १ जूनपासून, मंडळाचा आकडा, नक्षत्र. काही राहिलं का?

माणदेशी_मापक
वेळ बघा. सकाळचं संकलन साडेआठच्या आधीच उरकतं, म्हणजे सकाळच्या रांगेला कालचाच आकडा दिसेल आणि ताजा आकडा संध्याकाळच्या रांगेला. गर्दी सकाळी असते म्हणून वाचन सातला ओढू नका, मंडळाशी ताडणं बिघडेल. आकड्यापुढे ‘आज सकाळी ८.३० पर्यंत’ असं लिहा. केंद्राच्या पत्र्याचं पाणी मापकावर ओघळत नाही ना, हे पहिल्या सरीत उभं राहून बघा. आणि नळकांडी दोन घ्या. काचेचं पहिल्या महिन्यात फुटतं, प्लास्टिकचं घ्या, दुसरं केंद्रचालकाच्या कपाटात ठेवा. तो रजेवर असेल त्या दिवशी कोण मोजणार, त्या माणसाचं नावही फळ्याच्या कोपऱ्यात असू द्या.